बायोडिझेल जरूर करा, विकायला काढू नका

२०२३च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी सर्वेक्षणाच्या गाड्या आल्या, गावकरी आडवे झाले, आणि तेव्हापासून कोकणातल्या इंधनाच्या चर्चेला एक ठरावीक वळण लागलं आहे. एक बाजू विचारते, "रिफायनरी नको म्हणता, मग गाडीत काय समुद्राचं पाणी घालणार?" दुसरी बाजू तावातावाने सांगते, "आमच्याकडे करंज आहे, उंडी आहे, काजू आहे. गावोगाव त्यांच्या तेलाचं बायोडिझेल काढू." यावर पहिली बाजू हसते आणि आकडे फेकते. बारसूच्या आधी नाणारला आखलेल्या रिफायनरीची क्षमता होती वर्षाला ६ कोटी टन. तुमचं पिंप केवढं? दुसरी बाजू मग पर्यावरणावर जाते आणि चर्चा तिथेच संपते. एकाला टन मोजायचे आहेत, दुसऱ्याला झाडं. हे इंधन घेणार कोण, रोज किती घेणार, आणि एखाद्या दिवशी मिळालं नाही तर त्याचं काय अडणार, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोकणात लहान प्रमाणावर बायोडिझेल करता येतं आणि करावंही. पण ते खुल्या बाजारात विकायला काढलं की धंदा बुडतो. ज्याचं इंजिन त्याचीच टाकी, फार तर दोघांमधला एखादा करार, एवढ्या आवाक्यातच ते टिकतं. आणि त्यासाठी लागणारं तेल झाडावर शोधण्यापेक्षा कढईत शोधावं.

कृती तशी अवघड नाही, म्हणून तर उत्साह फार. तेल साठेक अंशांपर्यंत तापवायचं, मेथॅनॉल या अल्कोहोलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा त्यात सोडायचा, तासभर ढवळायचं आणि रात्रभर निवत ठेवायचं. सकाळी पिंपात दोन थर दिसतात: वर सोनेरी, पातळ बायोडिझेल आणि तळाशी काकवीसारखं दाट, काळपट ग्लिसरीन. तळाची तोटी उघडून ग्लिसरीन काढून टाकलं की वरचं धुवायचं, सुकवायचं, गाळायचं. पाहणाऱ्याला वाटतं, झालं की! खरी अडचण पिंपाबाहेर सुरू होते.

पंपावर विकायचं म्हटलं तर काय लागतं? वाहतुकीच्या डिझेलमध्ये मिसळण्यासाठी बायोडिझेल विकण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने एप्रिल २०१९मध्ये काढली. माल आयएस १५६०७ या मानकात बसायला हवा: पाणी किती, आम्लता किती, ग्लिसरीन किती उरलं, हवेत ठेवल्यावर किती टिकतं, अशी यादी आहे. मोठा कारखाना हजारो लिटरच्या टाकीची एकदा चाचणी करतो. दोनशे लिटरचं पिंप काढणाऱ्याचा प्रत्येक घाणा वेगळा, कारण आज वडेवाल्याचं तेल आलं, उद्या मासे तळलेलं. चाचणीचा खर्च कशात बसवायचा? जीएसटीचं गणितही त्याच्या विरुद्ध. २०२१मध्ये तेल कंपन्यांना मिश्रणासाठी दिलेल्या बायोडिझेलवरचा कर १२वरून ५ टक्के झाला, बाकीच्यांना ती सवलत मिळाली नाही. शिवाय नावच बदनाम झालेलं. गुजरातमध्ये २०२०-२१च्या सुमारास बायोडिझेलच्या पाट्या लावून भलतीच औद्योगिक तेलं विकणाऱ्या पंपांवर धाडी पडल्या. ज्या ट्रकवाल्याने त्यात एकदा पंप-नोझल घालवलं, तो पुन्हा या पाटीखाली गाडी उभी करील का?

आता झाडांच्या बाजूने जे बोलतात त्यांचं जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करायला हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. उंडी समुद्राच्या अगदी काठावर, रेतीत, खारा वारा खात उभी राहते. करंज नदीकाठी आपोआप येतो, शेंगवर्गातला असल्याने जमिनीला नत्रही देतो. दोघांसाठी भाताचा एक वाफाही मोडावा लागत नाही. रॉकेल यायच्या आधी कोकणातल्या घरांत आणि देवळांत उंडीचं तेल जळत होतंच. डिझेल बाहेरून येतं आणि त्याचा पैसा बाहेर जातो, हेही खरं.

पण मग हिशेब करा. करंजाच्या बीत तेल असतं तीसेक टक्के, घाण्यावर हाती येतं पंचवीसच्या आसपास. म्हणजे किलोभर तेलाला चार किलो बी. वेचणाऱ्या बाईला किलोला २५ रुपये द्यायचे ठरवले (आणि शेंगा वेचून, फोडून, वाळवून देण्याचे एवढे तरी द्यायलाच हवेत) तर नुसत्या बियांचे १०० रुपये झाले. घाणा, मेथॅनॉल, मजुरी पुढेच आहे. डिझेल नव्वदीच्या घरात असताना हे गणित जुळवायचा एकच मार्ग उरतो, वेचणारीला कमी देणं. गावाच्या स्वावलंबनाची सुरुवात तिथून करायची का? उंडीचं तर त्याहून किचकट. फळातली गोटी फोडून आतला ताजा गर पाहिला तर त्यात तेल नसल्यातच जमा. तो उन्हात महिना-दीड महिना सुकून तपकिरी, चिकट झाला की मगच घाण्याला लागतो. त्या तेलात आम्लता एवढी की सरळ कॉस्टिक घातला तर पिंपात साबण होतो. आधी गंधकाम्लाची एक पायरी करावी लागते, मग पुढचं. आणि एवढी उस्तवार करून जे तेल हाती येतं ते त्वचेला लावायचं तेल म्हणून, तमानूच्या नावाने, छोट्या बाटल्यांतून विकलं जातं, डिझेलच्या कितीतरी पट भावाने. करंज तेलाला कीडनाशकात गिऱ्हाईक आहे, त्याची पेंड नारळी-पोफळीला खत म्हणून जाते. ज्या मालाला अंगाला लावणारा आणि बागेत फवारणारा गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतो, तो माल इंजिनात कशासाठी जाळायचा?

काजूचं नाव तर या यादीत यायलाच नको. टरफलातलं तेल फिनॉलच्या जातीचं. वर सांगितलेल्या कृतीने त्याचं बायोडिझेल होत नाही. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यांची टरफलं मात्र केव्हाच मार्गी लागली आहेत. त्यांचं तेल रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरांत जातं. भाषणांशिवाय गिऱ्हाईक मिळालेला माल कोकणात आहे, तो असा.

झाडं लावून इंधन काढायचा प्रयोग देशाने एकदा करून पाहिला आहे, त्याची आठवण या वादात कुणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. २००३मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाचा (जट्रोफाचा) धडाका लावला. २०११-१२पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य होतं. खरेदीचं धोरण २००५मध्ये जाहीर झालं, जानेवारी २००६पासून लागू झालं, भाव ठरला लिटरला २५ रुपये. तेवढ्यात उत्पादनखर्च निघत नव्हता, म्हणून खरेदी केंद्रांकडे फारसं कुणी फिरकलं नाही. माळरानावर, पाण्यावाचून भरघोस बी देणारं झाड म्हणून ज्याचा गाजावाजा केला, ते माळरानावर पाण्यावाचून जगत होतं एवढंच. २००९च्या धोरणात २० टक्क्यांची मुदत २०१७पर्यंत पुढे गेली. २०१८च्या धोरणात लक्ष्य ५ टक्क्यांवर आलं आणि मुदत २०३०वर. प्रत्यक्षात मिश्रण एका टक्क्याच्या आतच रेंगाळत आलं आहे.

यावर सगळ्यात वजनदार प्रतिवाद इथेनॉलचा आहे. सरकारने भाव बांधला, तेल कंपन्यांनी हमीने खरेदी केली, आणि २०२५मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. मग बायोडिझेललाही तशीच हमी द्या, असं म्हणणाऱ्याला उडवून लावता येत नाही. त्याने इथेनॉलकडून घ्यायचा धडा बरोबर घेतला आहे: घेणारा पक्का असेल तर माल येतो. फक्त ती हमी कुणाला मिळाली ते पाहावं. इथेनॉलमागे साखर कारखाना होता, ऊस तिथे येतच होता, मळी तिथे साचतच होती, आणि कारखान्यामागे आमदार-खासदार उभे होते. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास सहकारी कारखान्याने जे सुरू केलं त्याच्या सत्तर वर्षांच्या पायावर ही हमी बसली. कोकणात असं कुठलं धुराडं आहे? तेल कंपनीची निविदा टँकरने माल मागते. हमी आली तरी ती आयात पाम तेलाचे अवशेष वापरणाऱ्या बंदरावरच्या मोठ्या कारखान्याला मिळेल, हर्णैच्या पिंपवाल्याला मिळणार नाही. एसटीला विका, असंही सुचवलं जातं. एका आगाराची रोजची गरज हजारो लिटरची. त्यात पन्नास लिटर घेऊन जाणाऱ्यासाठी कोण स्वतंत्र टाकी ठेवील?

आणि पक्का गिऱ्हाईक मिळाला म्हणजे भागतं, असंही नाही. कोकणाइतका हा धडा महाग कुणी शिकला नसेल. दाभोळ वीज प्रकल्पाला एकच गिऱ्हाईक होता, तोही कराराने बांधलेला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला, आणि मे २००१मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणं थांबवलं, कारण भाव परवडत नव्हता. ज्याला घेणं झेपत नाही त्याच्याशी केलेला करार कितीही जाड असला तरी तो कागदच.

बायोडिझेलचे कैवारी १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनाचा दाखला हटकून देतात: डिझेलचं पहिलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं म्हणे. तिथे शेंगदाण्याच्या तेलावर चाललेलं इंजिन ऑटो नावाच्या कंपनीने मांडलं होतं, ते पहिलं नव्हतं, आणि प्रयोग फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून झाला होता. कशासाठी? आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगदाणा मुबलक आणि बाहेरून इंधन न्यावं लागे, म्हणून तिथलं इंजिन तिथल्याच तेलावर चालावं. विक्रीचा विचार त्यात नव्हताच. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर धावल्या, मागे भट्टी बांधून. युद्ध संपलं, पेट्रोल आलं आणि भट्ट्या भंगारात गेल्या. याउलट गोबरगॅस पाहा. कुडाळकडे अजून कितीतरी घरांत त्याच्यावर चहा होतो. सिलिंडर दारात आला तरी तो टिकला, कारण शेण घरचं, चूल घरची, मधे दुकानदार नाही. पर्यायी इंधनात जगलेलं काय आणि मेलेलं काय, याचा फरक मला या दोघांत दिसतो.

मग तेल कुठलं? तळणाचं. इथे आरोग्याचाही प्रश्न जोडलेला आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यात वापरू नये, असा नियम जुलै २०१८पासून आहे, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुनं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीम जाहीर केली. पण नोंदी ठेवण्याची सक्ती आहे रोज ५० लिटरच्या वर तेल लावणाऱ्यांना. कोकणातल्या किती खानावळी तेवढं लावतात? बहुतेकांचं जुनं तेल दुसऱ्या दिवशीच्या रश्शात जिरतं किंवा स्वस्तात गाडीवाल्याला विकलं जातं. म्हणजे त्या तेलाचा आजचा खरा गिऱ्हाईक आपलं पोट आहे, आणि बायोडिझेलवाल्याची स्पर्धा त्याच्याशी आहे. घरगुती तेलाचं नाव काढू नये. दोन पळ्या तेलासाठी वाडी-वाडी फिरणाऱ्याचं पेट्रोलही सुटणार नाही. महामार्गावरची हॉटेलं, फरसाणवाले, समुद्रकाठची रिसॉर्टं, एवढंच क्षेत्र. ते मोठं नाही, हा टीकाकारांचा मुद्दा बरोबरच आहे. पण लहान धंद्याला लहान साठा ही अडचण कशी, जर इंजिनही तेवढंच असेल?

इंजिन म्हटलं की सगळ्यांची बोटं रत्नागिरीच्या मासेमारी बंदराकडे, मिरकरवाड्याकडे वळतात. एवढे ट्रॉलर उभे, एवढं डिझेल रोज जळतं, मच्छीमारांना विका! मला हे गिऱ्हाईक वरवर जितकं बरं वाटतं तितकंच आतून वाईट वाटतं. डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा त्यांना सोसायटीमार्फत मिळतो. तो कित्येकदा थकतो, त्यावरून मोर्चे निघतात, पण तो डिझेलच्या बिलावर मिळतो, तुमच्या पिंपावर नाही. दुसरं, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांच्या दमट हवेत टाकीतलं बायोडिझेल पाणी ओढतं, पाणी आणि तेल जिथे भेटतात तिथे शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीला फिल्टर चोंदतो. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ हे इंधन विरघळवून सोडतं, तोही तिथेच येऊन बसतो; रबरी नळ्या फुगतात त्या वेगळ्या. रस्त्यावर इंजिन बंद पडलं तर मेकॅनिक येतो. खोल समुद्रात, जाळं पाण्यात असताना बंद पडलं तर? बोट चालवणाऱ्या तांडेलाने नाही म्हटलं तर त्याला मागासलेला म्हणू नये.

हॉटेलांचे जनरेटर चांगले वाटतात, पण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती तसे प्रसंग सोडले तर ते वर्षाचा बराच काळ नुसते उभे असतात. बायोडिझेल सहा महिन्यांहून जास्त ठेवण्याचा माल नव्हे. हवं ते रोज, ठरलेल्या वेळेला, ठरलेलं लिटर पिणारं, काठाच्या नजरेआड न जाणारं आणि एकाच मिस्त्रीच्या हाताखालचं इंजिन. असं इंजिन कोकणात आहे, आपण त्यावर गाडी चढवून पलीकडे जातो. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ या फेरीबोटी.

दाभोळ-धोपाव्याचंच उदाहरण घ्या. एका काठाला दापोली तालुक्यातली हर्णै, मुरूड, कर्दे इथली हॉटेलं. दुसऱ्या काठाला गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. समजा बोट दिवसाला दीडशे लिटर डिझेल पिते. त्यात २० टक्के मिसळायचं तर रोज ३० लिटर लागलं, आणि दोन तालुक्यांतल्या तळणातून तेवढं जुनं तेल निघणं अशक्य नाही. २० टक्क्यांना इंजिनात काही बदलावं लागत नाही, फिल्टर मात्र सुरुवातीला लवकर बदलावे लागतात. थंडीत गोठण्याची जी भीती उत्तरेत असते ती इथे नाही. कोकणातली पहाट तेवढी गार पडत नाही. टाकी गळली तर त्यातला बायोडिझेलचा भाग पाण्यात लवकर कुजून जातो, डिझेलसारखा तवंग धरून राहत नाही. खाडीत मासेमारी करणाऱ्याला याचं मोल कळेल.

भावाचं काय? ढोबळ मांडणी करू. जुनं तेल ५० रुपयांनी मिळालं तर १०० लिटरचे ५,०००, वीसेक लिटर मेथॅनॉलचे हजाराच्या आत, कॉस्टिक-वीज-मजुरी मिळून दीड हजार. हाती आलं ९५ लिटर, लिटरला ७८ रुपयांच्या आसपास. बरं दिसतं. पण मुंबईहून येणाऱ्या तेल-संकलकाने उद्या ६० रुपये दिले की खर्च ८८-८९वर जातो आणि नफा गेला. म्हणजे विकतच्या तेलावर हा धंदा कायम दुसऱ्याच्या हातात. म्हणून मी म्हणतो, हॉटेलवाल्याला रोख देऊच नये. त्याचा भाजीचा, मासळीचा टेम्पो याच बोटीवरून जातो. दिलेल्या तेलावर त्याला फेरीच्या पासात सूट द्यावी. तेल बोटीचं, इंजिन बोटीचं, आणि इंधन कुणाला विकलंच नाही तर विक्रीचे नियमही आडवे येत नाहीत.

साठवणुकीचे मात्र येतात, आणि मेथॅनॉलचे तर यायलाच हवेत. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती मेथॅनॉलनेच. हे पिंप गावात कुठेही, कुणाच्याही पडवीत ठेवण्याचा माल नाही. गावोगाव बायोडिझेल म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही. तळाचं ग्लिसरीन आणि धुण्याचं साबणी पाणीही असतंच. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांनी दाभोळच्या खाडीचं काय केलं ते इथल्या मच्छीमाराला सांगायला नको. हिरव्या इंधनाचं पाणी म्हणून ते त्याच खाडीत सोडलं तर त्याने आपल्याला का सोडावं? एका जागी, परवाना असलेल्या एका शेडमध्ये, एका जबाबदार माणसाच्या कुलपाखाली हे सांभाळता येतं. शंभर गावांत येत नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो सगळ्यात खरा आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात याच खाड्यांवर पूल आहेत. पूल झाला की फेरीबोटीचं गिऱ्हाईक गेलं, मग बायोडिझेलचं कसलं? बरोबर. पण दोनशे लिटरची टाकी, पंप आणि शेड यांचा खर्च काही वर्षांत भरून निघण्याइतका असतो, आणि ते सामान टेम्पोत घालून दुसऱ्या काठाला नेता येतं. आज लावलेली उंडी भरात यायला तेवढी वर्षं सहज जातील. फेरीबोटींना परवाने महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड देतं. त्याने एका बोटीवर एका हंगामापुरती परवानगी द्यावी, फिल्टर किती बदलले आणि डिझेल किती वाचलं याची नोंद धक्क्यावर लावावी, आणि ज्या खाडीत पुलाचे खांब उभे राहू लागले आहेत ती खाडी यासाठी निवडू नये.